दहा रुपयांच्या वर काही सापडलं तर?

संपादक महोदय,

रिटायर झाल्यावर मुलाने मला ऑनलाइन एक मेटल डिटेक्टर मागवून दिला, तो घेऊन मी पहाटे ओहोटीची वेळ बघून उपनगरातल्या एका चौपाटीवर जातो. लोकांना वाटतं बॉम्ब शोधतोय. सापडतं काय, तर बाटल्यांची बुचं, गंजके खिळे, आणि विसर्जनानंतर थोडी चिल्लर, त्यात एकदा चार आण्याचं नाणं, २०११ ला बंद झालेलं, काळंठिक्कर. एकदा मात्र एका वहिनींची अंगठी वाळूत पडलेली, ती वीसेक मिनिटांत काढून दिली तर त्या रडायलाच लागल्या.

परवा एका हवालदारसाहेबांनी अडवलं, परमिट दाखवा म्हणाले. रास्त आहे, म्हटलं काढतो, कुठे मिळतं? ते त्यांनाही माहीत नाही. मग सुरू झाली वरात. एका ऑफिसात म्हणाले आमच्याकडे फक्त साफसफाई, दुसऱ्यात म्हणाले हे खातंच नाही, तिसऱ्यात क्लार्कने चष्मा वर करून विचारलं, काका बोअरिंग मारायचंय का.

कायदा नाही असं नाही हो, उलट भरपूर आहे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, काय, कुठे, कधी, आणि लपवलं तर वर्षभर कैद होऊ शकते. दहा रुपये! तेव्हा ती मोठी रक्कम होती, आज त्यात वडापाव येत नाही. शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं म्हणजे पुरावस्तू. पण हे सगळं सापडल्यानंतरचं, शोधायला परवानगी कोण देणार हे मला तरी कुणी सांगितलं नाही.

एक स्पष्ट सांगतो, किल्ल्यांवर हे यंत्र नकोच. वसई असो की शिवडी, नाणं उपटलं की ते कुठल्या थरात कशाशेजारी होतं ती माहिती कायमची जाते, तिथे चोरून खणणाऱ्यांना धरलंच पाहिजे. मी फक्त चौपाटीच्या वाळूबद्दल बोलतोय, जी दर भरतीला उलटीपालटी होते. लंडनमध्ये थेम्सच्या काठावर असं शोधायला तिथली बंदर अथॉरिटी फी घेऊन परमिट देते, आणि तीनशे वर्षांपेक्षा जुनी वस्तू मिळाली तर नोंदवावी लागते. इथेही एक पानी फॉर्म, आधार कार्डची झेरॉक्स, वीतभर खोल, खड्डा बुजवायचा, एवढं अवघड आहे का? फी घ्या ना.

अर्ज मी देऊन आलोय, पोच म्हणून शिक्काही मिळाला, फक्त तो पुढे कुठल्या टेबलावर गेला ते शिक्का मारणाऱ्यालाही ठाऊक नाही. कुणा वाचकाला माहीत असेल तर पेपरातूनच कळवा, तोपर्यंत यंत्र माळ्यावर.

आपला,
एक वाचक, अंधेरी (प.)