उभ्या मोटारसायकलचा दिवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाटणला माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. तीस वर्षं होऊन गेली या धंद्यात. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक लागतात. हेल्मेट घाला, दारू पिऊ नका, मोबाईलवर बोलू नका असं सगळं त्यावर असतं आणि ते बरोबरच आहे. पण अंधारात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारसायकलबद्दल त्यात एक ओळसुद्धा मी अजून वाचलेली नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या श्रावणात माझा मेहुणा चिपळूणहून येत होता. कुंभार्ली घाटात धुकं आणि वरून पाऊस. प्लगच्या टोपणात पाणी गेलं आणि गाडी बंद पडली. डाव्या बाजूचं गटार तुडुंब वाहत होतं, म्हणून गाडी डांबराच्या कडेलाच उभी करून हा दहा पावलांवर दरडीच्या आडोशाला प्लग पुसायला गेला. तेवढ्यात मागून टेम्पो आला आणि टेललॅम्प, नंबरप्लेट, सायलेन्सर सगळं घेऊन गेला. माणूस वाचला. टेम्पोवाला खाली उतरून ओरडला, “अहो, लाइट तरी लावायची!” मेहुणा म्हणाला, “लावलीच होती की!”

खरं तर दोघांचंही बरोबर होतं. बटण चालूच होतं. पण जुन्या किकवाल्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट आणि टेललॅम्प बॅटरीवर चालत नाहीत, ते मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या, कॉइलवर चालतात. इंजिन फिरतंय तोवर उजेड, इंजिन थांबलं की काळोख. हॉर्न, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर तेवढे बॅटरीवर. वीस-वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं. कळतं तेव्हा ते असं कळतं.

पार्किंग लाइट नावाची वस्तू याच कामासाठी निघाली. पुढे पाच वॅटचा पायलट बल्ब आणि मागे पाच वॅटचा लाल. रस्ता दिसावा एवढा त्याचा उजेड नसतोच, उभी गाडी दुसऱ्याला दिसावी एवढंच त्याचं काम. विलायतेत ताशी 30 मैलांहून जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर रात्री गाडी उभी केली तर हे दिवे लावणं आजही बंधनकारक आहे. आपल्याकडे 1955 साली मद्रासमध्ये बुलेट बनू लागली तीसुद्धा हेडलाइटच्या दोन बाजूंना दोन चिमुकले दिवे घेऊनच. टायगर लॅम्प म्हणतात त्यांना. आता पोरं येतात आणि म्हणतात, “मामा, यात निळं एलईडी टाका, नाहीतर लाल.” पुढच्या बाजूला लाल दिवा नियमात बसत नाही असं सांगितलं की दुसऱ्या गॅरेजात जातात.

आपण या दिव्याचा वापर मात्र उलटाच केला. दिवेलागणीला हेडलाइट न लावता नुसत्या पार्किंगवर गाडी चालवायची, का, तर म्हणे बॅटरी वाचते. समोरच्याला तो मिणमिणता ठिपका सायकलचा की कशाचा तेही कळायचं नाही. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांना हेडलाइट आपोआप लागणारी आली, हँडलवरचं ते बटणच गेलं आणि ही खोड आपसूक मोडली. चांगलं झालं. पण त्या बटणाबरोबर पार्किंगचा खटकाही गेला. आता मागचा दिवा चालू ठेवायचा तर किल्ली ऑन ठेवून गाडीपासून दूर जायचं. कोण ठेवील? काही महागड्या गाड्यांच्या किल्लीला लॉकच्या पुढे एक ‘पी’ असतो. तिथवर किल्ली फिरवली की हँडल लॉक होतं, किल्ली हातात येते आणि पुढचा-मागचा बारका दिवा जळत राहतो. चुकून तिथे फिरली तर सकाळी बॅटरी बसलेली असते, अशी गिऱ्हाइकं माझ्याकडे येऊन गेली आहेत. पण सोय म्हणून ती उत्तम आहे. स्विचमध्ये एक खटका जास्त, यापलीकडे त्यात काही नाही. मग साध्या गाडीला का नाही?

कायद्यानेही आपल्याला सोडून दिलंय. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 109 वा नियम पार्किंग लाइटचा आहे, पण त्यात ‘मोटारसायकल वगळून’ असं लिहिलंय. नियम करणाऱ्यांनी कधी कुंभार्लीत गाडी ढकलली नसावी.

नव्या गाड्यांना चारही इंडिकेटर उघडझाप करणारं बटण असतं, ते आहे की, असं कोणी म्हणेल. थोड्या वेळासाठी ठीक आहे. पण साधे बल्ब असतील तर दहा-दहा वॅटचे चार म्हणजे चाळीस वॅट. निम्मा वेळ विझलेले धरले तरी वीस, म्हणजे पार्किंगच्या दुप्पट. शिवाय किल्ली गाडीलाच. आणि आमच्याकडे ते बटण पावसात चालत्या गाडीला आणि चौकात सरळ जायला वापरतात, तो वेगळाच विषय.

दिवा नसला तर निदान मागचा लाल रिफ्लेक्टर तरी असावा. त्याला बॅटरी लागत नाही, फक्त चिखल पुसायला फडकं लागतं. पण हल्ली मडगार्ड कापून मागचा भाग ‘स्पोर्टी’ करायची फॅशन आहे. कापलेल्या तुकड्याबरोबर रिफ्लेक्टरही जातो. असे तुकडे माझ्या गॅरेजच्या मागे पोतंभर पडले आहेत. कापून मीच दिलेत, हेही कबूल करतो. यंदापासून बंद केलं.

मेहुण्याची गाडी दुरुस्त करताना हँडलखाली एक छोटा स्विच बसवला. एका बाजूला टाकला की टेललॅम्प नेहमीसारखा कॉइलवर, दुसऱ्या बाजूला टाकला की फ्यूजमधून थेट बॅटरीवर. स्विच दोनतर्फीच लागतो, नाहीतर बॅटरीचा करंट उलटा कॉइलकडे जातो. त्याची बॅटरी अडीच अँपिअर-अवरची आहे. पाच वॅटचा एकच लाल दिवा तिच्यावर हिशेबाने सहा तास जळतो, जुनी बॅटरी म्हणून मी तीन धरतो. प्लग पुसायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. सामान आणि मजुरी धरून दीडशे रुपये. आतापर्यंत अकरा गाड्यांना बसवलाय. त्यातले चार दूधवाले आहेत, पहाटे चारला निघणारे.

आपला,
एक गॅरेजवाला, पाटण (जि. सातारा)