जो शब्द लागला नाही, त्याबद्दल आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरच्या रुमालातील, म्हणजे कापडात बांधून ठेवलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातील, शेवटच्या कागदाचे लिप्यंतर काल रात्री पूर्ण झाले आणि त्याच भरात हे पत्र लिहीत आहे. ऑनलाइन जमणाऱ्या आम्हा हौशी स्वयंसेवकांना आपण एक पैसाही न घेता मोडी लिपी शिकवता, त्याचे आभार चार लोकांसमोर मानावेत, असे फार दिवस मनात होते.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी दोन दारे हिंडून आले होते. एका वर्गात मुळाक्षरांचा तक्ता घोटून घेतला आणि प्रमाणपत्र हाती ठेवले. परंतु पेशवाईतील खरे पत्र समोर येताच तो तक्ता अपुरा पडला, कारण आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहिलेल्या लपेटीदार मजकुरात एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे तक्त्यावरून कळत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा आधारही मोडीत मिळत नाही. पुढे एका जाणकारांनी पैसे घेऊन वाचन करून दिले. ते सुबक होते, कुठेही अडखळलेले नव्हते. मूळ कागदाशी ताडून पाहिले, तेव्हा कसरीने खाल्लेल्या जागीही त्यांनी बेधडक शब्द घातलेले दिसले, आणि त्यांतील एकाने आमच्या पूर्वजांना कधीच न मिळालेले इनाम बहाल केले होते. तो राग अजून गेलेला नाही.

आपण मात्र माझ्या कागदातील तारखेची ओळ स्वतःच्या हाताने उतरवून काढली, शब्दाशब्दांमध्ये तांबड्या पेन्सिलीने उभ्या रेघा मारल्या आणि तिचे छायाचित्र पाठवले. ‘सुहूर सन सबा समानीन मया व अलफ’, म्हणजे अरबी संख्याशब्दांत सात, ऐंशी, शंभर आणि हजार मिळून सुहूर या तेव्हाच्या कालगणनेतले ११८७. त्यात ५९९ मिळवले की मृगापासून सुरू होणारे ते वर्ष इसवी सन १७८६-८७ ठरते. आमचा कागद नाना फडणीसांच्या कारभाराच्या काळातला आहे, हे त्या दिवशी प्रथम कळले.

तरीही मनात घर करून राहिले ते त्याच छायाचित्राच्या खालच्या कोपऱ्यात होते. पुढच्या ओळीतील एका शब्दाच्या जागी आपण कंस करून आत तीन टिंबे दिली होती आणि शेजारी लिहिले होते, ‘हा शब्द मलाही लागत नाही. तो तसाच राहू द्या.’ ज्यांचे सारे आयुष्य मोडी वाचण्यात गेले, त्यांनी एका नवशिकीला हे इतक्या सहजपणे लिहून द्यावे, याने मला अक्षरशः भरून आले. गोविंद सखाराम सरदेसाईंच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले, तरी पुण्याच्या दफ्तरखान्यात आणि घरोघरच्या माळ्यांवर न वाचलेले रुमाल अजून पडून आहेत. त्यांना वाचणारे हात हवेत, पण आपल्यासारखी सचोटी असलेले हवेत.

आपल्या सांगण्यावरून गटात नव्याने आलेल्यांना मी आता तारखांच्या ओळी फोडून दाखवते. त्यांनी उतरवलेली पहिली चार पत्रे सोबत पाठवत आहे. सवडीने नजरेखालून घालावीत, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.
आपली एक विद्यार्थिनी