नडगीवर अंगठा फिरवून बघ

लीड्स, रविवार

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

आई सांगत होती, सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर पळून लंगडत येतोस आणि संध्याकाळी गोळी घेऊन पुन्हा पळायला जातोस. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितेय.

आधी एवढं कर. पलंगावर बस, पाय सैल सोड आणि नडगीच्या हाडाची आतली कड अंगठ्याने वरून घोट्यापर्यंत दाबत ये. चांगल्या चार बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखलं, पळायला लागताना जास्त आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे पळण्याच्या ताणाने होणारं नडगीचं दुखणं. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ आली, किंवा रात्री झोपेतही ठणकलं, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग पळणं त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरकडे जा. गोळीने कळ दबते रे, तडा वाढतच राहतो.

एक्स-रे साफ आला तरी निर्धास्त होऊ नकोस. पहिले दोन-तीन आठवडे तडा त्यात बरेचदा दिसतच नाही. माझाही साफ होता. मी पळत राहिले, आणि शेवटी एमआरआयमध्ये तडा सापडला. आठ आठवडे धावणं बंद. दोन्ही हातांत कुबड्या, त्यामुळे स्वतः केलेला चहा ओट्यापासून टेबलापर्यंत नेता यायचा नाही. ओट्याशीच उभी राहून प्यायचे.

शिन स्प्लिंटच असेल तर धावणं निम्म्यावर आण, गंगापूर रोडचा डांबरी रस्ता सोड, मधल्या दिवशी सायकल चालव. पळून आल्यावर रुमालात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धर. जिन्याच्या पायरीवर उभा राहून टाचा सावकाश वर-खाली कर, पंधराच्या तीन फेऱ्या. पळताना ढांगा लहान ठेव.

भरतीची जाहिरात आली आणि तू तीन किलोमीटरवरून एकदम आठवर गेलास, दुखणं तिथूनच सुरू झालं. भरतीच्या मैदानी चाचणीत 1600 मीटरच पळायचंय, रोज आठ कशाला?

आजीला तेल लावू दे, पण हाड रगडू देऊ नकोस. आणि एकच पोटरी सुजून गरम, लाल झाली तर अजिबात चोळायची नाही. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठ.

दुखतं तिथे पेनाने खूण करून आजच फोटो पाठव. मी वाट बघतेय.

तुझी,
ताई