'गजरा'तल्या भाजीवालीचं खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मंत्री बदलतात, खाती बदलतात, ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठीचा माझा अर्ज तेवढा जागेवर असतो.

गेल्या दिवाळीत नाशिकच्या एका सत्कारात आपण माझ्या खांद्यावर शाल घातलीत आणि माईकवरून म्हणालात, "ताईंचं मानधन महिन्याभरात सुरू होईल." टाळ्या पडल्या. शाल चांगली उबदार आहे. महिना मात्र अजून संपायचाय. परवा सातव्यांदा खिडकीशी गेले, तर अर्ज परत हातात. शेरा : 'योगदानाचा दृश्य पुरावा जोडलेला नाही.'

खिडकीतला मुलगा वाईट नाही. "आजी, काय केलं होतं तुम्ही?" म्हणाला. म्हटलं, १९७९ साली मुंबई दूरदर्शनवर 'गजरा'त काम केलंय. "गजऱ्याचं दुकान होतं का?" मग समजावलं, तर म्हणाला, "एवढंच ना? यूट्यूबची लिंक जोडा."

कुठून जोडू? विनायक चासकरांचा 'गजरा' हा करमणुकीचा कार्यक्रम लागला की बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे मांडी घालून बसायची. मी पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरले, तिथून वरळी. पाच मिनिटांचा प्रवेश, मी भाजीवाली. मुद्दाम नवी हिरवी साडी नेसले होते. सगळं कृष्णधवल दिसणार, हे ध्यानातच नाही! दिवे असे तापलेले, की टोपलीतल्या मेथीने तालमीतच मान टाकली. आणि खरं सांगू? तो प्रवेश मी स्वतः कधी पाहिलाच नाही, आमच्याकडे टीव्ही कुठला? दादरच्या मामींनी पाहिला आणि पोस्टकार्ड टाकलं : 'छान दिसलीस. पण कोथिंबीर फार स्वस्त दिलीस.'

त्या काळी टेप महाग. एकीवरचं पुसून तिच्यावरच दुसरं घ्यायचे, जगभर हीच रीत. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ म्हणजे घरचीच माणसं, पण त्यांचेही सगळे भाग आज बघायला मिळत नाहीत, तिथे माझ्या मेथीच्या जुडीला कोण विचारतो? आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा अर्धामुर्धाच उरलाय. त्यांचाही अर्ज तुमच्या खिडकीतून 'पुरावा अपुरा' म्हणून परत आला असता.

करारपत्र होतं हो. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं. आमची ट्रंक तळमजल्यावर. करारपत्र, मामींचं पोस्टकार्ड, सगळ्याचा लगदा. पंचनाम्यात नोंद झाली, 'किरकोळ कागद.'

मग सांगितलं, सोबतच्या दोन कलाकारांचे दाखले आणा. एक गेले. दुसऱ्या बाईंना आता स्वतःची मुलंही ओळखू येत नाहीत, माझी ओळख कुठून पटणार? तरी भेटून आले. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "मेथी कशी दिली?" हा दाखला कुठल्या रकान्यात चिकटवू, तेवढं कळवा.

सगळंच पुसलं जातं असंही नाही. १९८७ साली दर रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा खुद्द रामाच्या पंचवटीत रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, लोक टीव्हीला हार घालायचे. त्या टेपा जपल्या, म्हणून तर २०२० च्या टाळेबंदीत रामराया पुन्हा घरी आले. त्यातली सीता १९९१ साली खासदार झाली, त्याच निवडणुकीत रावणही झाला, २०२४ साली रामही झाले. आनंद आहे. भाजीवालीला महिना ५ हजार द्यायला मात्र दृश्य पुरावा लागतो!

५ हजार म्हणजे दिवसाला १६६ रुपये. सात फेऱ्यांचं रिक्षाभाडं हजारावर गेलं असेल. वहीत लिहीत होते, दोन फेऱ्यांचं राहिलं. रक्तदाबाच्या गोळ्या त्या वहीत धरलेल्याच नाहीत. सिंहस्थासाठी आराखडे हजारो कोटींचे, जावं तिथे खोदकाम. रामकुंडावर बुडी मारणाऱ्याकडे कोणी पापाचा दृश्य पुरावा मागत नाही. मला कलेचा मागता. शाल घालतानाचा आपला फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात होता, तो जोडला तर मुलगा म्हणे, "यात साहेबच दिसतात, आजी."

मागणं मोठं नाही. समवयस्कांचे दाखले मागू नका, आमचे समवयस्क अमरधामात आहेत. दूरदर्शनचं जे काही उरलंय ते आपल्याच खात्याने शोधावं. आम्ही हयात आहोत तोवर.

नाहीतर येत्या सोमवारी ११ वाजता मी टोपली घेऊन त्याच खिडकीशी येते. पाच मिनिटांचा प्रवेश अजून पाठ आहे. त्या मुलाला म्हणावं, मोबाइलवर नीट घे. आणि पुसू नकोस.

आपली,
एक भाजीवाली (१९७९)
सराफ बाजार, नाशिक