त्या अर्ध्या तासासाठी, फादर

प्रिय फादर,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. माझ्यासारखं पडद्यामागचं काम करणारे पुष्कळ आहेत, आणि तुम्ही मला दिलंत ते त्यांच्याही हाती पडावं असं मनापासून वाटतं.

मी रुग्णालयात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करते. रक्ताने माखलेले चिमटे, कात्र्या, क्लॅम्प येतात. एकेक उघडून सांध्यात ब्रश फिरवायचा, धुवायचं, वाळवायचं, भिंगाखाली बघायचं, संच बांधून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, लावायचा. १३४ अंशांची वाफ. बाहेर आल्यावर संचावरच्या टेपच्या रेघा काळ्या पडल्यात ना (ती वाफ लागल्याची खूण), ते बघायचं आणि पुढचा संच घ्यायचा. ज्याच्या पोटात ती हत्यारं जातात त्याला आम्ही कोण ते कधीच कळत नाही. नोकरी सोडून ‘देवाचं काहीतरी काम’ करायचं, असं ठरवूनच मी त्या संध्याकाळी तुमच्याकडे आले होते.

तुम्ही उपदेश केला नाहीत. “एक कात्री तुझ्या हातात येते तिथपासून ती जाईपर्यंत काय काय करतेस, सांग,” म्हणालात आणि अर्धा तास ऐकत राहिलात. इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. सांगता सांगता माझा मलाच आवाज भरून आला. मग तुम्ही संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या सहाव्या शतकातल्या नियमावलीतलं ३१वं प्रकरण उघडलंत. मठाचं कोठार सांभाळणाऱ्याने तिथली सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावी, असं त्यात आहे. तुम्ही वाचलंत आणि पुस्तक मिटलंत. पुढे एक शब्दही बोलला नाहीत.

निःशब्द प्रार्थनेला तुम्हीच बसवलंत. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं, मनात एकच छोटा शब्द. मी ‘अब्बा’ घेतला, येशू देवाला बाप म्हणून हाक मारायचा तो शब्द. पहिले कित्येक आठवडे मी नुसती विचारांशी झुंजत होते. राहिलेली कामं, कुणीतरी लावून बोललेलं, कधी चक्क झोप. तुम्ही म्हणालात, झुंजू नकोस. मन गेलं हे लक्षात आलं की हळूच त्या शब्दाकडे परत ये, हे परत येणं हीच प्रार्थना. ते मला प्रार्थनेच्या खोलीत नाही, बेसिनपाशी कळलं. चाळिसावा चिमटा घासताना मन भलतीकडे असतं, हात नुसते चालतात. आता ते ध्यानात आलं की मी परत येते, त्या चिमट्याच्या सांध्यापाशी, आणि तिथे मी एकटी नसते. फादर, याहून नेमके शब्द मला सापडत नाहीत.

ब्रदर लॉरेन्सबद्दलही तुमच्याकडूनच ऐकलं. सतराव्या शतकातला, युद्धात जखमी झालेला शिपाई, पॅरिसमध्ये कार्मेलाईट संन्यासी संघाच्या मठात स्वयंपाकघरात राबला, पुढे चपला दुरुस्त करू लागला. देवाच्या सान्निध्यात राहण्याची त्याची साधना भांड्यांच्या खडखडाटात घडली. पण मला खरा धीर दिला तो दुसऱ्याच गोष्टीने: स्वयंपाकघराचं काम त्याला मुळात आवडत नव्हतं! म्हणजे आवड येईपर्यंत थांबायचं कारण नाही. माझंही तसंच आहे. काही दिवस अजून कोरडेच जातात.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचेच आहेत. माणसं कमी करून आमच्याकडून घाईने संच काढून घेतले जात होते, तेव्हा मी म्हणाले होते, “प्रार्थनेत सोसून घेईन.” तुम्ही पहिल्यांदाच कडक आवाजात बोललात: प्रार्थना ही अन्याय गिळायची गोळी नव्हे, रुग्णाच्या जिवाशी खेळ होत असेल तर लेखी दे. हात थरथरत होते, पण मी दिलं. त्या आठवड्यात वीस मिनिटं बसणं जितकं अवघड होतं, तितकंच खरं होतं.

गेल्या रविवारी ख्रिस्तप्रसादानंतर तुम्ही चषक पुसत होतात. आधी आतून, मग काठ, मग कापडाची घडी फिरवून पुन्हा एकदा काठ. मी पुढच्याच बाकावर होते. तुमच्या बोटांकडे बघत राहिले. ती हालचाल माझ्या हातांच्या ओळखीची होती. सोमवारी पहाटेच्या पाळीत पहिला ट्रे उघडला, तेव्हा तुमची आठवण झाली आणि हे पत्र लिहायचं ठरवलं.

तुमची ऋणी,
हत्यारं धुणारी