बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, डॉक्टर होणाऱ्या मुलांनाच अवयवदानाची पुरती माहिती नसेल तर आपण कुणाच्या भरवशावर ठरवायचं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मुलांचा विरोध क्वचितच असतो. गाडी अडते ती ब्रेन डेथपाशी, म्हणजे यंत्रावर श्वास चालू असतानाही मेंदू मेल्याने माणूस मृत ठरतो तिथे.

व्याख्या पाठ असते, पण तपासणी बहुतेकांनी पाहिलेली नसते. म्हणून कोमा आणि ब्रेन डेथ यांची गल्लत होते. कोमातला पेशंट सुधारू शकतो. ब्रेन डेथमध्ये मेंदूचं, श्वास चालवणाऱ्या ब्रेनस्टेमसकट, सगळं काम कायमचं थांबलेलं असतं. तपासताना आधी झोपेच्या औषधांचा किंवा अंग गार पडल्याचा परिणाम नाही ना, याची खात्री करतात, कारण त्यानेही मेंदू बंद पडल्यासारखा दिसतो. मग डोळ्यांवर उजेड, बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानात बर्फाचं पाणी, घशात नळीने चाळवणं. कशालाच प्रतिसाद नसेल तर शेवटी अ‍ॅप्निया टेस्ट. व्हेंटिलेटर बाजूला करून नळीतून नुसता ऑक्सिजन सोडतात आणि आठ-दहा मिनिटं उघड्या छाती-पोटाकडे बघत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड 60 मिमीपर्यंत (पाऱ्याच्या दाबाच्या मापात) चढूनही श्वासाची एकही हालचाल नाही, म्हणजे मृत्यू. त्यानंतरही हात किंवा बोटं हलू शकतात. ती हालचाल मणक्यातल्या मज्जारज्जूची असते. हे माहीत नसलेला विद्यार्थी तिथेच डळमळतो.

आणि मग त्याच्या तोंडून निघतं, "यंत्रावर जिवंत ठेवलंय." या एका वाक्याने सगळं बिघडतं. घरच्यांना वाटतं, माणूस अजून आहे आणि हे लोक अवयव मागताहेत. मृत्यूची बातमी आधी, स्पष्ट शब्दांत सांगायची, ती पचायला वेळ द्यायचा, आणि दानाचं नंतर, वेगळं, प्रशिक्षित समन्वयकाने विचारायचं. हे बोलणं शिकवायला हवं. मला सगळ्यात जास्त कळकळ याचीच आहे.

आई, दान करणाऱ्याला डॉक्टर लवकर सोडून देतात ही तुझी भीती विद्यार्थ्यांनाही असते. मृत्यू ठरवणाऱ्या डॉक्टरांत प्रत्यारोपणाच्या टीममधलं कुणी नसतं. वय झालं म्हणून दान होत नाही, असंही नाही: सत्तरी ओलांडलेल्यांचं यकृत चालू शकतं, तपासून ठरवतात. हृदय चार-सहा तासांत बसवावं लागतं, मूत्रपिंड दिवसभर टिकतं. नेत्रदान मात्र घरी मृत्यू झाला तरी होतं, साधारण सहा तासांच्या आत. देहदान हे आणखी वेगळं. अवयव काढलेला देह शरीररचनेच्या अभ्यासासाठी बहुधा घेत नाहीत, त्यामुळे दोन्ही मनात असेल तर आधी काय, तेही सांगा.

दानाचा फॉर्म भरला असला तरी बहुतेक ठिकाणी घरच्यांना विचारतातच. म्हणून तुमचं हो की नाही, दोघांनी वेगवेगळं, मला आणि दादाला एकाच वेळी सांगा. नाही असेल तरी तसंच सांगा. आम्ही तेच पाळू.

तुमची लेक