बक्षीसपत्रावरच्या दोन सह्या

बाल्टिमोर, मेरीलँड
१७ डिसेंबर २०२५

ती. बाबा व ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार, वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. अल्पसंख्यांच्या फर्मांना मिळणाऱ्या प्रमाणपत्राच्या अर्जासाठी मी पाठवलेला बक्षीसपत्राचा मसुदा वाचून बाबा म्हणाले, "ताई, तू मागास कधीपासून झालीस?" मागून आई "अहो, सही करा ना, तिचे काम अडलेय" असे म्हणाली आणि विषय तिथेच थांबला. मात्र बाबांच्या आवाजात थट्टेपेक्षा दुखावलेपण जास्त होते, असे मला वाटले. सही न समजता करू नये हे मी तुमच्याकडूनच शिकले असल्यामुळे, ती कशासाठी हवी आहे हे सविस्तर लिहिते.

मेरीलँड राज्य रस्ते, पूल, शाळा, कार्यालये यांवर जो पैसा ठेक्यांतून खर्च करते, त्यातला ठरावीक हिस्सा अल्पसंख्य समाजांतील लोकांच्या आणि स्त्रियांच्या मालकीच्या छोट्या फर्मांकडे जावा, अशी योजना इथे १९७८ पासून आहे. सध्या हे उद्दिष्ट सगळ्या ठेक्यांच्या एकूण रकमेच्या २९ टक्के आहे. त्यात गणले जायचे असेल तर राज्याच्या वाहतूक खात्याच्या एका स्वतंत्र कार्यालयाकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते. फर्मची किमान ५१ टक्के मालकी अशा व्यक्तीकडे हवी, कारभारही खरोखर तिच्याच हातात हवा, आणि तिची वैयक्तिक मालमत्ता एका मर्यादेच्या आत हवी. या मालमत्तेत राहते घर आणि धंद्यातला स्वतःचा हिस्सा धरत नाहीत. माझी काँक्रीट आणि माती तपासणारी सहा माणसांची प्रयोगशाळा या चौकटीत बसते, म्हणून मी अर्ज केला आहे.

बाबांना हे परके वाटू नये. कऱ्हाडहून पदवी घेतल्यावर तुम्ही सार्वजनिक बांधकाम विभागात 'सुशिक्षित बेरोजगार अभियंता' म्हणून नोंद केली होती, आणि ३३ टक्के मजूर संस्थांना, ३३ टक्के बेरोजगार अभियंत्यांना, ३४ टक्के खुले, हे वाटप आमच्या घरात पाढ्यासारखे पाठ होते. मोठ्या ठेकेदारांनी बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दर, भरून सगळे ओढून नेऊ नये म्हणून तुमच्यासाठी एक दार वेगळे ठेवले होते. त्या नोंदीत 'बेरोजगार' हा शब्द होता, म्हणून तुम्ही स्वतःला कधी कमी समजलात का? तो शब्द कोणत्या रांगेत उभे राहायचे ते सांगत होता. इथला 'अल्पसंख्य' हा शब्दही तसाच आहे. भारतातल्या केंद्र सरकारची खरेदी पाहिली तरी २०१२ च्या आदेशापासून सूक्ष्म व लघु उद्योगांचा वाटा ठरलेला आहे, आज तो २५ टक्के आहे, आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा व ३ टक्के महिलांचा, असे पोटभाग आहेत. म्हणजे ही कल्पना काही अमेरिकेची मिरास नाही.

फरक मात्र मोठा आहे. तुमच्याकडे काम वाटप समिती बसायची आणि काम थेट पदरात पडायचे. इथे प्रमाणपत्र हातात आले तरी कोणी काम देत नाही. प्रत्येक निविदेत खाते आपले उद्दिष्ट लिहिते, एखाद्या पुलाच्या कामात समजा १८ टक्के, एखाद्यात काहीच नाही, आणि निविदा भरणाऱ्या मोठ्या ठेकेदाराला सोबतच सांगावे लागते की कोणत्या प्रमाणित फर्मला कोणते काम, किती टक्क्यांचे देणार. ते जमत नसेल तर आपण प्रामाणिक प्रयत्न केल्याचे पुरावे जोडून सवलत मागावी लागते. त्यामुळे गेली तीन वर्षे निविदापूर्व बैठकांत माझ्या हातातले माहितीपत्रक घेणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो : प्रमाणपत्र आहे का? नाही म्हटले की पत्रक परत माझ्या हातात. दर काय, माणसे किती, मशीन कोणते, हे कोणी विचारतसुद्धा नाही.

आता बक्षीसपत्राकडे येते. कागदावरच्या मजूर संस्थांबद्दल बाबा जे बोलत असत, ज्यांत मजूर एक नसायचा आणि शिक्का मात्र असायचा, तो रोग इथेही आहे. बायकोचे किंवा ओळखीतल्या कोणाचे नाव मालक म्हणून लावायचे आणि धंदा मागून दुसऱ्यानेच चालवायचा, असे प्रकार झाल्यामुळे तपासणी कडक आहे. तीन वर्षांची विवरणपत्रे, बँकेचे कागद, भाडेकरार, यंत्रांच्या पावत्या, नवऱ्याची आणि माझी मालमत्ता, सगळे द्यावे लागते. नोव्हेंबरात एक अधिकारी बाई प्रत्यक्ष आल्या. चेकवर सही कोण करते, माणूस कोण ठेवते आणि कोण काढते, दर कोण ठरवते, हे त्यांनी मला विचारले, नंतर तेच माझ्या तंत्रज्ञाला वेगळे घेऊन विचारले. मग म्हणाल्या, आज कोणता नमुना फोडायचा आहे? इथे १५ सेंटिमीटरचे क्यूब नसतात, चार इंच व्यासाचे आणि आठ इंच उंचीचे सिलिंडर असतात. अठ्ठावीस दिवस झालेला एक सिलिंडर मी पाण्यातून काढला, पुसला, व्यास दोन दिशांनी मोजला, टोप्या चढवून मशीनमध्ये ठेवला. काटा ५६ हजार पौंडांच्या पुढे गेला आणि तो फुटला. म्हणजे दर चौरस इंचाला सुमारे साडेचार हजार पौंड. फुटल्यावर भेगा कोणत्या दिशेने गेल्या आणि त्यावरून काय कळते हे मी त्यांना सांगितले. त्यांनी सगळे लिहून घेतले. यजमान तेव्हा घरून आले होते, पण त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. ते उगाच दारापाशी उभे राहून मोबाईल चाळत होते, आणि मला, खरे सांगते, त्याचा जरा आनंद झाला.

शेवटी त्यांनी विचारले की ही मशीन घ्यायला पैसे कुठून आले? मी म्हटले, २०२१ मध्ये वडिलांनी भारतातून नऊ लाख रुपये पाठवले. त्या म्हणाल्या, कर्ज की भेट की भागीदारी? हे आपल्या घरात कधी कोणी कोणाला विचारलेलेच नाही. तुम्ही एफडी मोडलीत, आईने "ताईला दे" म्हटले, झाले. पण त्यांच्या बाजूने विचार करा. पैसा ज्याचा त्याचा धंदा, असा संशय घेणे हेच त्यांचे काम आहे. पैसे दुसऱ्याने घातले असतील आणि त्याचा हिस्सा लपवला असेल, तर माझी ५१ टक्के मालकी खोटी ठरते. म्हणून मसुद्यात ते वाक्य आहे, ज्यावर बाबा थांबले : 'ही रक्कम परतफेडीच्या अपेक्षेशिवाय दिली असून सदर व्यवसायावर आमचा कोणताही हक्क, हिस्सा वा नियंत्रण नाही.' आईबापांना हे वाचायला कसे वाटत असेल याची मला कल्पना आहे. पण तो हक्क मशीनवर नाही, एवढेच त्यात म्हटले आहे.

राहिला 'मागास' चा प्रश्न. त्याचे उत्तर माझ्यापासून सुरू होत नाही. हे नियम ज्यांच्यासाठी आले ते इथले कृष्णवर्णीय ठेकेदार. १९७७ मध्ये बाल्टिमोरचेच खासदार पॅरेन मिचेल यांनी सार्वजनिक कामांच्या केंद्रीय कायद्यात १० टक्के अल्पसंख्य फर्मांसाठी राखण्याची तरतूद घालून घेतली. तिथून तीनेक तासांवरच्या रिचमंड शहरात निम्मी वस्ती कृष्णवर्णीय असताना, पाच वर्षांतल्या मुख्य बांधकाम ठेक्यांपैकी अल्पसंख्य फर्मांकडे गेले होते ०.६७ टक्के. शहराने १९८३ मध्ये ३० टक्क्यांचा नियम केला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण भेदभाव नेमका कुठे आणि किती झाला हे शहराने सिद्ध केले नव्हते. शहराने अल्पसंख्य म्हणून धरलेल्या समाजांच्या यादीत एस्किमोही होते, आणि रिचमंडमध्ये कधी एखादा एस्किमो राहिला तरी होता का, अशी शंका निकालपत्रातच आहे. तेव्हापासून राज्यांना आधी आकडेवारीचा मोठा अभ्यास करून घ्यावा लागतो आणि मगच टक्केवारी ठेवता येते.

आपण भारतीय या दारात नंतर आलो. इथल्या केंद्र सरकारच्या लघुउद्योग खात्याने १९८२ मध्ये, भारतीय वंशाच्या लोकांच्या एका संघटनेच्या अर्जावरून, आपल्याला यादीत घेतले. तेव्हाही आपल्यातल्याच काहींना बाबांसारखाच प्रश्न पडला असणार. शिकलेली, खाऊन-पिऊन सुखी माणसे, त्यांना कशाला हवे? मला याचे पूर्ण समाधानकारक उत्तर सापडलेले नाही, आणि बाल्टिमोरच्या ज्या वस्त्यांतून मी रोज जाते तिथे माझी तुलना करायची मला लाज वाटते. पण २०२१ मध्ये इथल्या एका बँकेने फर्म माझ्या एकटीच्या नावावर असताना कर्जाच्या अर्जावर नवऱ्याची सही मागितली, आणि साइटवर स्लम्प कोन (ओल्या काँक्रीटचा घट्टपणा तपासायचा साचा) हातात धरून उभी असताना "इंजिनिअर कधी येणार आहे?" असे मला वर्षातून चार-पाच वेळा तरी विचारले जाते. ही उपासमार नव्हे. पण मोठ्या फर्मांचे तपासणीचे काम गोल्फच्या मैदानावर आणि जुन्या ओळखींत ठरते, आणि तिथे माझी ओळख कोणाशीच नाही, हेही खरे आहे.

या वर्षी हे सगळे आणखी गुंतागुंतीचे झाले आहे. केंद्राच्या पैशातून होणाऱ्या रस्त्यांच्या व पुलांच्या कामांसाठी वेगळे प्रमाणपत्र असते. ३ ऑक्टोबरला केंद्रीय वाहतूक खात्याने नियम बदलला : वंश किंवा स्त्री असणे यावरून आता काहीही गृहीत धरले जाणार नाही, प्रत्येकाने आपल्या वाट्याला काय अडचणी आल्या हे स्वतःच्या शब्दांत लिहून पुराव्यानिशी द्यायचे, आणि ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांचीही पुन्हा छाननी व्हायची. ती होईपर्यंत उद्दिष्टे थांबलेली आहेत. गेल्या वर्षी मार्चमध्ये कोसळलेला इथला 'की ब्रिज' हा पूल, ज्या दिवशी घाबरून तुम्ही मला फोन केला होता, तोही केंद्राच्याच पैशातून पुन्हा उभा राहतो आहे. मी सध्या फक्त राज्याचे प्रमाणपत्र मागते आहे, ते राज्याच्या कायद्यावर चालते. केंद्रासाठीची ती हकिगत मला लिहिता येईल असे वाटत नाही. आपले दुःख रंगवून लिहायचे आणि कोणीतरी त्याला गुण द्यायचे, हे माझ्याच्याने होणार नाही. ज्यांची रोजी त्यावर आहे ते लिहीत आहेत, त्यांना मी नावे ठेवणार नाही.

प्रमाणपत्राने सगळे सुरळीत होईल अशा भ्रमातही मी नाही. ओळखीच्या एक वीजकाम ठेकेदार बाई आहेत. एका मोठ्या ठेकेदाराने निविदेत त्यांचे नाव घातले, काम मिळवले आणि नंतर चार महिने फोन उचलला नाही. नाव दिलेली फर्म परवानगीशिवाय बदलता येत नाही आणि कोणाला किती पैसे पोचले याचा अहवाल दोन्ही बाजूंनी द्यावा लागतो, म्हणून त्यांनी खात्याकडे तक्रार केली आणि काम परत मिळाले. पण त्या चार महिन्यांचे पगार त्यांनी घरातून दिले. बाबा, मार्चएंडला बिलासाठी कार्यालयाच्या व्हरांड्यात बसणे काय असते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट. त्या अधिकारी बाईंचे प्रश्न ऐकताना मला सारखी तूच आठवत होतीस. शनिवारी मस्टर कोण लिहायचे, मजुरांची चुकती कोण करायचे, सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब कोणाच्या वहीत असायचा? इथे नाव बायकोचे आणि काम नवऱ्याचे, म्हणून अर्ज नाकारले जातात. आपल्याकडे नेमके उलटे होते आणि ते कोणी तपासायला आले नाही. बाबांनी यावर रागावू नये.

मसुद्याची दुरुस्त प्रत सोबत आहे. पैसे तुमच्या जोड खात्यातून गेले होते, म्हणून दोघांच्याही सह्या लागतील. आईने मराठीत केली तरी चालते, मात्र बँकेत आहे तशीच करावी. रक्कम आकड्यांत व अक्षरांत दोन्ही लिहावी, आणि २०२१ च्या पासबुकातले ते पान झेरॉक्स करून नोटरीच्या शिक्क्यासह कुरिअरने पाठवावे. व्हॉट्सॲपवरचा फोटो इथे चालत नाही. जानेवारीच्या १५ तारखेपर्यंत पोचले पाहिजे. नोटरी नेहमीचे नसतील तर कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारावे.

बाबांनी गुडघ्याचे औषध सकाळी जेवणानंतरच घ्यावे. मुलांचा नमस्कार.

तुमची,
ताई